सांबा, आठ महिन्यांनंतर: सर्व्हर चालू, पण ‘नेटवर्क’मध्ये दिसेना

लग्नसराई तोंडावर आणि छापखान्यातला एक पीसी मेला. नवा आला विंडोज 11 प्रोचा, 24एच2 आवृत्ती. आठ महिने एकदाही न कुरकुरलेला सांबा सर्व्हर (सांबा म्हणजे लिनक्स मशीनवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणारा प्रोग्राम) त्याच्यावर दिसेचना. त्या चार दिवसांत मी सांबाला भरपूर शिव्या घातल्या. त्या मागे घेतो.

सेटअप साधा. अडगळीतला डेस्कटॉप, त्यावर डेबियन 12 लिनक्स, चार टीबीची डिस्क. तयार नॅसचं (नेटवर्कवर फायली ठेवायच्या डब्याचं) कोटेशन आणलं होतं, पण डिस्कशिवायच्या डब्यावर एवढे पैसे घालायला मन धजेना. जुन्या चारही पीसींवर पहिल्याच दिवशी सर्व्हरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिला होता, त्यामुळे शेजारची मशीन्स दाखवणारी विंडोजची ‘नेटवर्क’ यादी उघडायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

नव्या पीसीवर सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला, तर संदेश आला की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला, म्हणजे खात्याशिवाय येणाऱ्याला, प्रवेश नाही. पाच टेबलांचा छापखाना, कसलं धोरण! पण मूळ चूक माझी. मी कंटाळा करून बिनपासवर्डाचा शेअर (सामायिक फोल्डर) ठेवला होता आणि 24एच2 प्रो तसला शेअर उघडत नाही. प्रत्येकाचं खातं काढलं, एसएमबीपासडब्ल्यूडी या सांबाच्या कमांडने पासवर्ड दिले, फोल्डर उघडला. ग्राहकांचे नंबर, बिलं इतके दिवस उघडी होती, याचं आता वाईट वाटतं.

तरी ‘नेटवर्क’मध्ये नाव नाहीच. झेड लाव आणि मोकळा हो, असं सगळे म्हणाले. मला पटेना. झेडवर कधी लाल फुली येते, आणि तेव्हा कंपोझिंगच्या ताईंना सर्व्हर शोधायला दुसरी जागा हवी. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने विंडोजमध्ये एसएमबी 1 वर (फायली वाटायच्या जुन्या पद्धतीवर) टिक केली, पाचशे रुपये घेतले, गेला. नाव दिसलं नाहीच. मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी 1 च्या भोकातून पसरला होता. शिवाय 4.11 आवृत्तीपासून सांबाही ते मुळात बंदच ठेवतो. रात्रीच टिक काढली.

खरं कारण वेगळं. पूर्वी विंडोज शेजारची मशीन्स नेटबायोस या जुन्या पद्धतीने शोधायचं आणि ती यादी एसएमबी 1 वर टेकलेली होती. 2017 च्या विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी 1 चालू नसतं, म्हणून ती यादीही गेली. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या नव्या पद्धतीने हाक मारतं, आणि सांबा त्या हाकेला ओ देत नाही. ते काम डब्ल्यूएसडीडी नावाच्या छोट्या प्रोग्रामचं. तो टाकला, फायरवॉलमध्ये यूडीपी 3702 आणि टीसीपी 5357 हे पोर्ट उघडले, विंडोजचं नेटवर्क ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ केलं. एफ5 दाबला, आणि प्रिंटरच्या शेजारी आमच्या सर्व्हरचं नाव!

क्लिक केलं तर पाथ सापडेना. चिडून मी एनएमबीडी (सांबाचा नावावरून पत्ता सांगणारा भाग) बंद करून ठेवला होता, त्यामुळे नावावरून आयपी मिळत नव्हता. तो परत चालू केला आणि उघडलं.

एवढी एक तक्रार मात्र राहीलच: डब्ल्यूएसडीडी सांबाबरोबर आपोआप यायला हवा. माझे चार दिवस आणि पाचशे रुपये त्यापायी गेले. बाकी देवनागरी नावांच्या फायलीसुद्धा बिनचूक उघडतात. काल झेडवर फुली होती. ताईंनी मला हाक न मारता ‘नेटवर्क’मधून पत्रिका काढली आणि प्लेटला पाठवली.