क्वाड की इनलाइन? नाशिकमधून आइस हॉकीकडे जाणाऱ्या मुलांसाठी

जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया चषकात भारतीय मुलींच्या आइस हॉकी संघानं ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून स्केटिंग क्लासच्या कठड्यावर बसणाऱ्या पालकांमध्ये एक प्रश्न सारखा ऐकू येतो. मूल म्हणतंय आइस हॉकी खेळायची, नाशिकमध्ये तर बर्फाचा रिंक नाही, मग सुरुवात क्वाडवर करायची, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांच्या शूजवर, की थेट इनलाइनवर, म्हणजे एका रेषेत चाकं असलेल्या शूजवर?

आमच्या घरात दोन्ही झालंय. थोरला मुलगा क्वाडवर शिकला, धाकटी पहिल्या दिवसापासून इनलाइनवर. दोघंही पुढे बर्फावर उतरली. त्यामुळे खाली जे लिहितोय ते या दोघांवरून आणि त्यांच्या सोबतच्या मुलांवरून. प्रत्येक मुलाचं अंग वेगळं असतं, तेवढं धरून वाचा. दोन्ही शूजची रचना, बेअरिंगचे आकडे वगैरे दुकानदार सांगतोच, त्यात जात नाही.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. तुमच्या मुलाला क्वाडवरची रोलर हॉकीच खेळायची असेल, म्हणजे चेंडू आणि आखूड वाकडी काठी, तर हा प्रश्न उरतच नाही. तो स्वतंत्र आणि जुना खेळ आहे. स्पेन, पोर्तुगाल, इटली, अर्जेंटिना इथे तो मनापासून खेळतात आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून होता. आपल्याकडे राष्ट्रीय महासंघ रोलर हॉकी आणि इनलाइन हॉकी दोन्हींच्या स्पर्धा घेतो. त्या वाटेनं जायचं असेल तर क्वाड घ्या, निर्धास्त घ्या. माझं पुढचं सगळं म्हणणं बर्फ डोक्यात ठेवून आहे.

क्वाडच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. पाच-सहा वर्षांचं मूल क्वाडवर पहिल्याच आठवड्यात उभं राहतं, भीती लवकर जाते. उभं राहणं सोपं असल्यामुळे मान वर राहते आणि हातात काठी लवकर देता येते. नाशिकमधले बहुतेक क्लास क्वाडवरच सुरू करतात, त्यामुळे सोबत मिळते, आणि लहान वयात सोबत ही फार मोठी गोष्ट आहे. थोरल्याला खेळाची गोडी लागली ती अशीच, इंदिरानगरच्या मित्रांच्या टोळक्यात. शूज लहान झाले की वापरलेले पुढच्या कुणाच्या तरी पायात जातात, खर्चही आटोक्यात राहतो. सोसायटीच्या पार्किंगमधल्या ओबडधोबड कोब्यावरही क्वाड निभावून नेतं.

इनलाइनचं मुख्य बळ म्हणजे पायाखाली एकच रेघ असते. आइस हॉकीच्या पात्यालाही एकच रेघ, आणि त्या रेघेला दोन धारा, आतली आणि बाहेरची. वळायचं तर त्या धारेवर कलायचं. क्वाडमध्ये वळणं वेगळ्या तऱ्हेनं होतं. तळपायावर वजन सरकवलं की ट्रकमधलं, म्हणजे चाकांची आस धरणाऱ्या जोडणीतलं, रबरी बुश दाबलं जातं आणि आस वळते, तळवा जवळजवळ सपाटच राहतो. दोन्हीकडे मूल वळतं, पण अंगात मुरतं ते निराळं.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो. क्वाडचा पुढचा ब्रेक. चवड्याखालचा तो रबरी गोळा.

थोरल्याचा खेळ त्या ब्रेकवर उभा होता. चेंडू सुटला की तो चवड्यावर यायचा, ब्रेक जमिनीला टेकवायचा, तिथेच गर्रकन वळायचा आणि ब्रेकवरच चार पावलं पळून वेग घ्यायचा. क्वाड हॉकीत हे कसब आहे आणि त्याचे सर त्याला शाबासकी द्यायचे, ती योग्यच होती. थांबणं, वळणं, सुटणं या तिन्ही गोष्टी त्यानं एकाच जागेवर, पायाच्या टोकावर बांधल्या होत्या.

मग सुट्टीत आम्ही त्याला गुरुग्रामच्या बर्फाच्या रिंकवर शिबिराला नेलं. फिगर स्केटिंगच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकीच्या पात्याला ते नसतात. त्याचं टोक गोलाई घेऊन वर जातं, टेकायला पुढे काहीच नाही. चवड्यावर वजन गेलं की पातं मागे सरकतं आणि मूल छातीवर पडतं. तो तसाच पडला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मोकळं स्केटिंग करताना त्याला नीट कळत होतं की पुढे ब्रेक नाही, तो सावकाश, गुडघे वाकवून फिरत होता. पण पक, म्हणजे आइस हॉकीतली चेंडूच्या जागची रबरी चकती, आला, समोरून कुणी धावून आलं, की पाय आपोआप टोकावर जायचा. कळत होतं डोक्याला, आणि पाय आधी हलत होते. शिबिराचे बरेचसे तास ती एक सवय सोडवण्यात गेले. रात्री खोलीवर तो पालथा पडून गप्प असायचा, आणि ते बघणं मला जड गेलं.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे एवढं महत्त्वाचं का, तर बर्फावरचा वेळ आपल्याला फार महाग पडतो. लडाखमधल्या मुलाला घराजवळचं तळं गोठलं की रोज खेळता येतं, पण तिथलाही नैसर्गिक बर्फाचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमधली आइस हॉकी २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी लेहला झाली. लेहची उंची सुमारे ३५०० मीटर, म्हणजे नाशिकचं मूल तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं श्वासाशी जुळवून घेणार. देहरादूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, नंतर अनेक वर्षं बंद राहिला, आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे बर्फावरच्या स्केटिंग शर्यतींची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ही फार आनंदाची गोष्ट आहे. तरी नाशिकहून देहरादून काही शनिवार-रविवारचं अंतर नाही. वर्षातून मोजके तास बर्फ मिळणार असेल तर ते नवं शिकण्यात जावेत, जुनं पुसण्यात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

धाकटीचा अनुभव उलट दिशेचा होता. इनलाइनवरून बर्फावर उतरली आणि तिला थांबताच येईना. हॉकीतलं थांबणं म्हणजे दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडणं. चाकं डांबरावर किंवा कोब्यावर तशी सहज खरवडत नाहीत. तिथे एक पाय मागे आडवा ओढून किंवा गोल फिरून वेग मारावा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी ती कडेच्या फळीला जाऊन धडकायची. इनलाइनची ही खरी उणीव आहे आणि ती मी लपवत नाही. पण तिला विसरायचं काही नव्हतं. तिचा कल बरोबर होता, क्रॉसओव्हर घेताना, म्हणजे वळणावर बाहेरचा पाय आतल्या पायावरून पुढे टाकताना, आतल्या पायाची बाहेरची धार लागत होती, मागे जाताना कंबर खाली राहत होती. दोन्ही पाय आत वळवून बर्फ खरवडत थांबणं तिला लवकर आलं, डाव्या अंगानं आडवं थांबणं त्याच शिबिरात जमलं. उजव्या अंगाला वेळ लागला, तो बहुतेक मुलांना लागतो.

थोरल्याच्या क्वाडचा ब्रेक आम्ही नंतर काढून टाकला आणि त्या जागी प्लग बसवला. ज्यांच्याकडे क्वाड आधीच आहे त्यांना मी हेच सुचवेन. बहुतेक शूजमध्ये ते पान्यानं निघतं. मूल आठवडाभर कुरकुरतं, मग टी-स्टॉप, म्हणजे एक पाय मागे आडवा ओढून थांबणं, आणि पाय फाकवून थांबणं शिकतं. यानं बराच फरक पडतो. सपाट तळव्याची सवय मात्र तशीच राहते. थोरला आजही बर्फावर क्रॉसओव्हर घेताना पायावर पाय टाकल्यासारखा घेतो, ढकल पूर्ण येत नाही.

इनलाइनच्या कटकटीही सांगायला हव्यात. सगळ्यात मोठी कटकट चाकांची. रिंकच्या गुळगुळीत फरशीसाठीची मऊ चाकं, साधारण ७४ ते ७८ ए (हा कडकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं चाक कडक), आपल्या कोब्यावर खोडरबरासारखी झिजतात. बाहेर खेळायचं तर ८२ ए किंवा त्याहून कडक घ्या. आतली कड आधी झिजते, म्हणून अधूनमधून चाकं उलटी करून जागा बदलत राहा. इथे एक गोष्ट आमच्या उपयोगाची ठरली. इनलाइनची चार चाकं सपाट रेषेत असतात, तर हॉकीचं पातं खालून किंचित गोलाईचं असतं, म्हणून बर्फावर पाय जास्त सहज फिरतो. पहिल्या आणि चौथ्या जागेवर जरा झिजलेली चाकं आणि मधे नवी दोन टाकली की ती गोलाई थोडीफार येते. धाकटीला पहिल्या दिवशी डुगडुगल्यासारखं वाटलं, नंतर तिनं दुसरं काही घालायला नकार दिला. अगदी नवख्या मुलाला मात्र सपाटच द्या.

दुसरी कटकट पावसाची, ती दोघांनाही सारखीच. नाशिकचा पाऊस गणपतीपर्यंत उघड्या ग्राउंडवर काही करू देत नाही, आणि ओल्या जमिनीवर खेळलं की बेअरिंग गंजतं. आमच्याकडे ते महिने पायांच्या ताकदीचे असतात. एका पायावरच्या बैठका, आडव्या उड्या, उघडीप मिळाली की पांडवलेणीच्या पायऱ्या, आणि गॅलरीत जाड गुळगुळीत प्लास्टिकच्या पत्र्यावर काठी आणि पक. पक निवडताना लक्षात ठेवा, बर्फावरचा पक १५६ ते १७० ग्रॅमचा असतो, इनलाइनचा बराच हलका. घरी हातांसाठी जड पकच बरा.

काठीचं म्हणाल तर त्यावरून शूज ठरवू नका. रोलर हॉकीची काठी दोन्ही बाजूंनी चालते, आइस हॉकीच्या काठीला डावं-उजवं असतं, पण हात पटकन जुळवून घेतात. मैदानी हॉकीच्या सवयीनं सगळ्यांना उजवी काठी देण्याची घाई मात्र टाळा. मुलाच्या हातात दोन्ही देऊन बघा. उंची अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत ठीक.

जागा लहान आहे म्हणून पालक खट्टू होतात, त्याचं मला वाईट वाटतं, कारण लहान जागा लहान मुलांना चांगलीच असते. अमेरिकेच्या आइस हॉकी संघटनेनं २००९ मध्ये आपला विकास आराखडा आणला, त्यात आठ वर्षांखालच्या मुलांना पूर्ण रिंकवर न खेळवता आडव्या तुकड्यात खेळवतात. पक जास्त वेळा काठीला लागतो, वळावं-थांबावं जास्त लागतं. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत बॅडमिंटनच्या आखलेल्या कोर्टावर दोघां-दोघांचा खेळ होतो. तिथेच क्वाडवरची आणि इनलाइनवरची मुलं शेजारी दिसतात. क्वाडवालं मूल आधी चपळ वाटतं, टोकावर थांबतं आणि सुटतं. इनलाइनवालं मोठा वळसा घेतं आणि हरतं. पहिलं वर्ष हे बघायची तयारी ठेवा. आमच्या धाकटीनं हे वर्ष काढलं, आणि तेव्हा तिच्या आजीनं दोनदा विचारलं की हिला दादासारखे शूज का देत नाही. आजीला दुसरी काळजी धक्काबुक्कीची होती. तिला सांगितलं की अमेरिकेतसुद्धा २०११ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात अंगाचा धक्का देऊन अडवायला परवानगी नाही.

तर माझं मत. मूल सहाच्या आतलं आणि घाबरट असेल, तर क्वाडवर काही महिने खेळू द्या, ब्रेक काढून. सात-आठचं असेल आणि बर्फाचं नाव मनात पक्कं असेल, तर मी इनलाइनच घेईन, तेही ताठ बुटाचं हॉकी इनलाइन. साइझ वाढवता येणारे मऊ शूज स्वस्त पडतात, पण घोटा आत कलतो आणि मग धार सापडत नाही. क्लासमध्ये सगळे क्वाडवर असतील तर सरांशी आधी बोला. आमच्या सरांनी धाकटीला वेगळ्या शूजवर घ्यायला थोडा वेळ घेतला, पण घेतलं, आणि आता तिच्यामागे आणखी काही मुलं आलीत.

खरेदीला दसऱ्याच्या सुमारास जा, म्हणजे कोरडे महिने पुढे मिळतात. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. पातळ मोजा घालून, टाच मागे ठोकून, लेस पूर्ण बांधून मुलाला दुकानातच गुडघे वाकवून उभं करा. गुडघे वाकवल्यावर बोटं टोकापासून जेमतेम सुटली आणि टाच वर उचलली गेली नाही तर तो नंबर बरोबर. पुढच्या वर्षीही बसेल म्हणून एक नंबर मोठा मागू नका.