ड्रॅक्युला की फ्रँकेन्स्टाइन, आधी कुठला लावायचा?

मागच्या पावसाळ्यात भाचा सिडकोत आमच्याकडे राहायला आलेला, आठवीतला, म्हणे मामा जुना भुताचा पिक्चर लाव पण बोअर मारायला नको. तुम्हीही याच घोळात असाल तर सांगतो. दोन्ही १९३१ चे, दोन्ही हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचे, सव्वा तासाच्या आसपास संपतात, म्हणजे जेवणाआधी उरकतो एखादा.

आधी ड्रॅक्युला लावला. रक्त पिणारा ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभा राहतो तो सीन आजही कडक, आणि टायटलनंतर संगीत जवळपास नाहीच, त्यामुळे आम्हाला मधेमधे बाहेरच्या पागोळ्याच ऐकू येत होत्या. गंमत म्हणजे याचे सुळे एकदाही दिसत नाहीत! पण गोष्ट लंडनला पोचली की नुसत्या दिवाणखान्यात गप्पा, आणि वटवाघूळ तर सरळ दोरीला लटकवलेलं वाटतं. भाच्याने मोबाईल काढला.

दुसऱ्या दिवशी फ्रँकेन्स्टाइन. (हे नाव राक्षस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं हां, राक्षसाला नावच नाहीये, सगळे चुकतात.) राक्षस झालाय बोरिस कार्लोफ, जॅक पिअर्सचा मेकअप, ते सपाट डोकं आणि मानेतले खिळे आजही कुठल्याही कार्टूनमध्ये लगेच ओळखू येतात. पण खरा सीन वेगळाच, वरचं छत उघडतं, उजेड येतो आणि हा दोन्ही हात वर करून तो पकडायला बघतो. भाचा म्हणाला, "मामा, हा तर लहान बाळ आहे." मग तळ्याकाठची मुलगी, फुलं तरंगतात तर ही पण तरंगेल असं त्याला वाटतं आणि तो तिला पाण्यात टाकतो, कित्येक वर्षं हा भाग कापलेला असायचा, म्हणून प्रिंट पूर्ण आहे का ते आधी बघून घ्या. लहान पोरं सोबत असतील तर विचार करून लावा.

मला वाटतं म्हणूनच हा टिकलाय. आपला पिंपळावरचा मुंजा पण तसाच ना, भीती वाटते पण बिचारा पोरगाच तो, इच्छा राहून गेलेली. १९४१ चा वुल्फ मॅन, म्हणजे लांडगा होणारा माणूस, पण याच जातीचा, पण तो नंतर बघितला तरी चालेल.

ऐट, डोळे, केप बघायची असेल तर ड्रॅक्युला. एकच रात्र असेल तर डोळे झाकून फ्रँकेन्स्टाइन. आवडला तर पुढे १९३५ चा ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन आहेच, त्यात राक्षस बोलायला शिकतो, भाच्याने सकाळी दात घासता घासताच मागितला.