बॅटमॅनच्या कार्टूनचं ऑर्केस्ट्रा संगीत, दोन सीडींचा व्हॉल्यूम १ : अमळनेरला बसून ऐकलेला

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण ही सीडी मी जवळजवळ सहा वर्षं शोधत होतो आणि हातात आल्यापासून तीन आठवडे रोज रात्री ऐकतोय.

सीडी कुठली तर 'बॅटमॅन : द अॅनिमेटेड सिरीज'च्या संगीताचा पहिला व्हॉल्यूम. ला-ला लँड रेकॉर्ड्स नावाची अमेरिकन कंपनी आहे, मुख्यतः सिनेमा आणि टीव्हीचं संगीत काढते, त्यांनी २००८ साली दोन सीडींचा हा सेट काढला, तोही मोजक्या ३००० प्रतींचा. त्या प्रती कधीच्याच संपल्या त्यामुळे मला सेकंडहँडच घ्यावी लागली. डाक खर्च आणि कस्टम ड्यूटी धरून साडेसहा हजाराला पडली. एवढ्या पैशात काय काय आलं असतं ते घरी सगळ्यांनी मला सांगून झालंय, तरी मी म्हणतो पैसे वसूल आहेत, का ते खाली लिहितो.

आमच्या वयाच्या पोरांनी ही सिरीज कार्टून नेटवर्कवर पाहिली. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं, ताटात भाकर चुरून वर शेवभाजीचा रस्सा ओतायचा आणि टीव्हीसमोर बसायचं. सुरुवातीचा तो एक मिनिट कोणीच विसरलं नसेल, काळं आकाश, पोलिसांचा विमानासारखा उडणारा मोठा फुगा, बँकेत स्फोट, दोन चोर गच्चीवर पळतात आणि शेवटी वीज चमकते तर वर तो उभा, आणि एवढ्यात कुठेही सिरीजचं नावसुद्धा येत नाही. नावाची गरजच नव्हती कारण संगीत सगळं सांगत होतं. ती टायटल ट्यून डॅनी एल्फमनची, १९८९च्या बॅटमॅन सिनेमाला ज्याने संगीत दिलं तोच. पण पुढची गोष्ट मला कित्येक वर्षं माहीत नव्हती, की टायटल संपल्यावर एपिसोडभर जे वाजतं ते त्याचं नाही. ते शर्ली वॉकर नावाच्या बाईंचं आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या टीमचं आहे.

आणि हे वाजतं म्हणजे कसं, तर प्रत्येक एपिसोडला नवीन. त्या काळात बऱ्याच कार्टूनमध्ये ठरलेले दहावीस तुकडे असायचे, मारामारी आली की तोच तुकडा, पळापळी आली की दुसरा, आलटून पालटून तेच. इथे तसं नाही, वीसबावीस मिनिटांचा प्रत्येक एपिसोड चित्राबरहुकूम वेगळा लिहिला आणि खरे वादक बसवून वाजवून घेतला. व्हायोलिन, हॉर्न, बासून, टिंपनी म्हणजे ते मोठे नगारे, सगळं खरं. प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला नावाची जी पाटी यायची, काळ्यावर चित्र आणि नाव, काही सेकंदांची, त्या पाटीलासुद्धा त्या गोष्टीच्या रंगाचं वेगळं संगीत आहे. लहानपणी तेव्हा आपण पाणी प्यायला उठायचो.

सीडी घेण्याचं खरं कारण हेच आहे. टीव्हीवर वरून डायलॉग, गोळ्यांचे आवाज, गाड्यांचे ब्रेक, त्याखाली हे सगळं दबलेलं होतं. इथे वरचं सगळं काढून टाकलंय आणि खालचं काम उघडं पडलंय. शेतात पाट उपसला की तळाचे दगड दिसतात ना तसं.

एक तुकडा नीट सांगतो. 'ऑन लेदर विंग्ज' म्हणजे मॅन-बॅटचा एपिसोड, शेवटी तो वटवाघूळ माणूस उडतो आणि बॅटमॅन खाली दोरीला लटकलेला, अख्ख्या गॉथमवरून, म्हणजे बॅटमॅनच्या शहरावरून, फरफटत जातो. मी आधी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं आणि मग लॅपटॉपवर तो सीन लावून पुन्हा ऐकलं. तार वाद्यं सतत गरगरत वर चढतात, खालून ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, धक्के देतं आणि मधेच एका जागी सगळं हलकं होतं, जमीन सुटल्यासारखं. चित्र नसतानाही पोटात गोळा येतो. मुलांच्या कार्टूनसाठी एवढी मेहनत कोणी घेतं का, तर घेतली, आणि ती आज तीस वर्षांनी ऐकू येते.

आता आबांचं सांगतो. माझे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिओनेट वाजवायचे, पारोळा, चोपडा, धरणगाव, लग्नसराईत सगळीकडे फिरलेले. ऐकू जरा कमी येतं पण वाद्य ओळखण्यात अजून कोणी हात धरणार नाही. एका रात्री गच्चीवर मी छोट्या स्पीकरवर जोकरचा एपिसोड लावला होता, 'जोकर्स फेवर'. त्याची धून जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखी आहे, हसरी आणि त्याच वेळी अंगावर येणारी. आबा खाटेवर उठून बसले.

"काय वाजी ऱ्हायनं रे भो?"

मी म्हटलं कार्टूनचं आहे. त्यांनी हाताने गप्प केलं आणि पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "क्लॅरिओनेटवाला पक्का शे. श्वास कोठे लेस ते समजतच नही." मी सांगितलं की हे एका बाईनी बसवलंय, आणि ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून वाजवून घेणारीही बाईच. आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग विचारलं, "नाव काय तिनं?" मी नाव सांगितलं. दोनतीनदा घोळवून त्यांनी ते बरोबर म्हटलं.

शर्ली वॉकर यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला वाईटही वाटलं आणि अभिमानही. १९४५चा जन्म, कॅलिफोर्नियाच्या, लहान वयातच पियानोवर तयार. १९८९च्या त्या बॅटमॅन सिनेमात एल्फमनचं संगीत ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून वाजवून घेतलं ते यांनीच. हॉलीवूडच्या मोठ्या सिनेमाला स्वतःच्या एकटीच्या नावावर संगीत देणाऱ्या पहिल्या मोजक्या बायकांमध्ये त्या येतात. सिरीज १९९२ला सुरू झाली, तेव्हा हाताखाली नवीन मुलंमुली घेतली, त्यांना शिकवत शिकवत काम केलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लोलिता रिटमॅनिस, मायकल मॅक्विस्टियन आणि क्रिस्टोफर कार्टर पुढे 'जस्टिस लीग' कार्टूनचं संगीत करायला लागले, म्हणजे लहानपणी आपण जे जे ऐकलं त्यातलं बरंचसं याच एका घराण्याचं. मला घराणं हाच शब्द सुचतो. वॉकर बाईंना या सिरीजसाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, नंतर 'बॅटमॅन बियाँड' या पुढच्या कार्टूनसाठीही. आणि ३० नोव्हेंबर २००६ला त्या गेल्या. हा सेट आला २००८ला. त्यांनी तो पाहिलाच नाही, हे मला दरवेळी डबी उघडताना आठवतं.

वस्तूबद्दल बोलतो आता. बुकलेट जाड आहे, एपिसोडवार लिहिलंय, चित्रं काळ्या कागदावर काढल्यासारखी, सिरीजची पार्श्वचित्रं तशीच काढायचे म्हणून ते शोभतं. मोबाईलवर ऐकलं तर हे काहीच मिळत नाही, फक्त नावांची यादी येते. आवाज स्वच्छ आहे, खालचे डबल बास चांगल्या हेडफोनवर छातीत जाणवतात. 'टू-फेस' एपिसोड सलग ऐका, मधे उठू नका. आणि 'पर्चन्स टू ड्रीम', ज्यात ब्रूसला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, जाग येते तर आईवडील जिवंत आणि बॅटमॅन कोणी दुसराच, त्याचं शेवटचं घंटाघराचं संगीत मी अजून एकदाही गप्प बसून ऐकू शकलो नाही, डोळे भरतात.

खटकलेलं पण लिहितो. टीव्हीचं संगीत असल्याने तुकडे छोटे आहेत, एखादी धून रंगायला लागते तेवढ्यात सीन संपतो आणि दुसरंच सुरू होतं. सिनेमाच्या अल्बमची सवय असेल तर पहिल्यांदा चुकचुकल्यासारखं होईल. 'द लास्ट लाफ'मधला ड्रमचा ठेका मला बाकीच्यांपेक्षा जुना वाटला, त्या वर्षांची फॅशन असेल. बाकी तक्रार संगीताची नाही, ज्याने मला विकली त्याची आहे, नवीसारखी म्हणाला आणि निघाली तेव्हा डबीतले मधले दाते तुटलेले, दुसरी सीडी आत सैल फिरत होती, एक बारीक ओरखडा पडलाच. पत्र लिहून दोन आठवडे झाले, उत्तर नाही. तुम्ही घेणार असाल तर डबी उघडून आतला फोटो मागा, फक्त कव्हरच्या फोटोवर जाऊ नका.

वाजवायचं कशावर हाही प्रश्न आला, नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. जळगावला गोलाणी मार्केटमधून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला आणि पहिल्या दिवशीच दोन्ही सीडी कॉपी करून ठेवल्या, सीडी आता कपाटातच असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते सांगायला नको, सीडी गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका.

कोणता सेट आधी घ्यावा असं मित्र विचारतात. पुढचे व्हॉल्यूम मोठे आहेत, २०१२चा दुसरा आणि २०१४चा तिसरा चारचार सीडींचे, पण तिथे टीमचं काम जास्त आहे, तर वॉकर बाई स्वतः ऐकायच्या असतील तर पहिलाच घ्या. तो नाही मिळाला तर 'मास्क ऑफ द फँटॅझम' घ्या, १९९३चा सिनेमा, यांचंच संगीत. त्याच्या सुरुवातीला कोरस गातो ते लॅटिनसारखं वाटतं पण ती स्टुडिओतल्या माणसांची नावं उलटी लिहून गायलीत, हे कळल्यापासून मी एकेक नाव सुलटं करायचा प्रयत्न करतोय.

सुपरमॅनचा चार सीडींचा सेटही आहे, त्याची टायटल ट्यून वॉकर बाईंचीच. दिवाळीच्या बोनसमधून तो मागवणार. आबांनी दोनदा विचारलंय कधी येणार म्हणून.