ऑफिस: एकदाच विकत की दरवर्षी वर्गणी?

सोसायटीचे खजिनदार काका अडलेत: वर्ड, एक्सेल वगैरेंसाठी मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २०२४ एकरकमी घ्यावं की त्याच प्रोग्रॅम्ससाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी भरावी?

एकरकमी सुरुवातीला जड जातं, पण दरवर्षी खिशात हात घालावा लागत नाही. वर्गणीचं तसं नाही. २०२५मध्ये कोपायलट हा एआय मदतनीस गळ्यात मारून दर वाढवले, तेव्हा लोक उगाच चिडले नव्हते. वर्गणी संपली की डेस्कटॉपवर मेंटेनन्सची शीट उघडते, पण थकबाकीचा एक आकडा बदलता येत नाही! ऑफिस २०२४ मात्र एकाच संगणकावर चालतं. नवी फीचर्स नाहीत, सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२९पर्यंत.

काकांना एकरकमीच पुरे. घरात चार-पाच जण वापरणारे असतील आणि प्रत्येकाला फाइली ऑनलाइन ठेवायला १ टीबी क्लाउड हवं असेल, तर फॅमिली वर्गणी परवडते.