12 व्होल्टची मोटर 24 ची म्हणून गळ्यात मारली, रोबोकॉनवाल्यांनो बघून घ्या

आमच्या कॉलेजच्या टीमचे 13,600 रुपये गेले, ते वर्गणीचे होते, आणि वर दीड महिना गेला तो जास्त लागलाय. रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजच्या टीमांच्या रोबोट स्पर्धेच्या, दिल्लीच्या राउंडची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी हे वाचाच.

आमचा बॉट, म्हणजे रोबोट, 22 किलोचा, चाकं 100 मिलिमीटरची. सेकंदाला अडीच मीटर तरी स्पीड पाहिजे असं ठरलेलं. हे चाक एका फेरीत 31.4 सेंटीमीटर जातं, म्हणजे 500 आरपीएमला (मिनिटाला 500 फेऱ्या) सेकंदाला 2.6 मीटर, हिशोब बरोबर बसत होता. एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, "दादा, 24 व्होल्ट, फुल लोडवर 500 आरपीएम, टॉर्क 40 केजी-सेंटीमीटर, करंट फक्त 3 अँपिअर." टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, 40 केजी-सेंटीमीटर म्हणजे 1 सेंटीमीटर त्रिज्येवर 40 किलो ओढण्याइतका. चार गिअर मोटर घेतल्या. बिल नाही, पैसे यूपीआयने.

खोटं त्या मेसेजमध्येच होतं हो! 500 आरपीएमला 40 केजी-सेंटीमीटर म्हणजे बाहेर 205 वॅट, आणि आत जातात 24 गुणिले 3, म्हणजे 72. आत 72 घालून बाहेर 205 कुठून येणार? आम्ही पाच जणांनी तो मेसेज वाचला आणि एकानेही गुणाकार केला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

टेबलावर मोटर मोकळी फिरवली तर झकास 500 आले, सगळे खूश. बॉटवर बसवल्यावर पहिल्या दोन फेऱ्या ठीक, मग मोटरच्या बॉडीला हात लावता येईना इतकी गरम, मग तो वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) जळल्याचा वास, आणि दोन मोटर गेल्या. जळालेल्या एकीचं स्टिकर उष्णतेने कोपऱ्यात सुटलेलं, ते नखाने ओढलं तर खाली दुसरं स्टिकर: 12 व्होल्ट, 250 आरपीएम.

12 च्या मोटरला 24 दिले की मोकळी असताना स्पीड साधारण दुप्पट होतो, म्हणून टेबलावर ती खरीच वाटते. पण थांबलेल्या चाकाला जोर लावून सुटताना करंटपण दुप्पट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणजे चौपट, आणि बॉट तर सारखा थांबतो, वळतो, परत सुटतो, मग वाइंडिंग किती टिकणार.

आता आम्ही एकच मोटर आणतो आणि आधी लोडवर बघतो. चाकाला दोरी गुंडाळायची, खाली 5 किलो लटकवायचं, 5 सेंटीमीटर त्रिज्येवर ते 25 केजी-सेंटीमीटर होतं. चाकावर पांढऱ्या टेपची खूण करून फोनवर स्लो मोशन काढलं की लोडवरचा खरा आरपीएम मोजता येतो. गिअरिंग त्या आकड्यावर ठरवायचं, स्टिकरवरच्या नाही.

विक्रेत्याने दोन दिवस "बघतो दादा" केलं आणि मग ब्लॉक केलं. 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बिल नसल्यामुळे यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेत. उरलेल्या दोन मोटरींची स्टिकरं मुद्दाम तशीच ठेवलीत.