गरोदरपणातील क्रूझ आणि विकत घेतलेली ‘खास परवानगी’

जहाज सुटायला साडेतीन तास उरले असताना टर्मिनलमधल्या कर्मचारी महिलेने माझ्या डॉक्टरांचे पत्र वाचले, कॅलेंडर पुढे ओढून दिवस मोजले, खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले आणि मला या जहाजावर चढता येणार नाही, असे अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले. त्या दिवशी माझे 22 आठवडे आणि 5 दिवस झाले होते. सफर 10 रात्रींची होती, म्हणजे जहाज परत धक्क्याला लागेल त्या दिवशी 24 आठवडे आणि 1 दिवस झाला असता. त्या कंपनीचा नियम असा आहे की सफरीच्या कोणत्याही दिवशी ज्या स्त्रीला 24वा आठवडा लागलेला असेल, तिला जहाजावर घेतले जात नाही. हा नियम नवा नाही, लपवलेलाही नाही, आणि बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम जवळपास असाच आहे. तरीही आम्ही पूर्ण पैसे भरून, सामान घेऊन, हातात एक शिक्का मारलेले ‘परवानगीपत्र’ धरून त्या खिडकीपाशी उभे होतो, कारण ज्या एजंटकडून आम्ही बुकिंग केले होते त्याने आम्हाला सुरुवातीपासून जाणूनबुजून फसवले होते.

मी गरोदर असल्याचे पहिल्याच फोनवर सांगितले होते. सफरीच्या सुमारास मला कितवा आठवडा असेल, हेही सांगितले होते. त्यावर त्याचे उत्तर ठाम होते: “मॅडम, मर्यादा 24 आठवड्यांची आहे आणि तुम्ही 23व्या आठवड्यात चढताय, मग प्रश्न येतोच कुठे?” माझ्या पतींनी शंका काढली तेव्हा त्याने विमानांचे उदाहरण दिले. अनेक विमान कंपन्या एकच मूल पोटात असलेल्या निरोगी स्त्रीला 36 आठवड्यांपर्यंत नेतात, मग जहाजात तर दवाखानाही असतो, असा त्याचा युक्तिवाद होता. विमानांविषयीची माहिती खरी होती, त्यामुळे जहाजाविषयीची माहितीही खरी असेल, असे आम्ही धरून चाललो.

इथे मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमची फसवणूक मोजणीतूनच सुरू झाली. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या हिशोबाने 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे धरतात. सोनोग्राफीत बाळाची वाढ पाहून ही तारीख काही दिवस पुढेमागे होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी पत्रात लिहिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीखच ग्राह्य धरावी. दुसरी गोष्ट अशी की ‘24 आठवडे पूर्ण होणे’ आणि ‘24वा आठवडा लागणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात पूर्ण एका आठवड्याचे अंतर आहे. 23 आठवडे भरले की दुसऱ्याच दिवसापासून 24वा सुरू होतो. कंपनीच्या नियमात यांपैकी कोणते शब्द आहेत ते अक्षरशः वाचावे लागते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे मोजमाप चढण्याच्या दिवशी थांबत नाही, ते उतरण्याच्या दिवसापर्यंत करतात. एजंटने मला चढण्याच्या दिवसाचा आकडा सांगितला आणि उतरण्याच्या दिवसाविषयी तो एक शब्दही बोलला नाही. मी आधी हा अजाणतेपणा समजत होते. पुढे जे कागद हाती आले त्यांवरून तो अजाणतेपणा नव्हता, हे स्पष्ट झाले.

निम्मी रक्कम भरल्यानंतर साधारण आठवड्याभराने त्याचा फोन आला. कंपनीने आता गरोदर प्रवाशांसाठी ‘खास परवानगी’ घ्यायला सांगितले आहे, ती जहाजाच्या वैद्यकीय विभागाकडून मिळते, त्याचे वेगळे शुल्क आहे आणि ते बँक खात्यात थेट जमा करावे लागते, असे त्याने सांगितले. खाते एका व्यक्तीच्या नावावर होते. त्याच वेळी मी थांबायला हवे होते. शुल्क भरल्यावर दोन दिवसांत कंपनीचे बोधचिन्ह, शिक्का आणि सही असलेले पत्र आले. त्यात माझे नाव, केबिनचा क्रमांक आणि ‘24 आठवड्यांनंतरही प्रवासास मुभा’ असा मजकूर होता. त्यापाठोपाठ त्याने ‘मातृत्व संरक्षण’ नावाची एक योजना विकली. गरोदरपणामुळे ऐनवेळी जाता आले नाही तर सर्व पैसे परत, असे तिचे आश्वासन होते. त्या कागदावर विमा कंपनीचे नाव नव्हते, पॉलिसी क्रमांक नव्हता, अटींचे पुस्तक नव्हते. फक्त एजंटच्या स्वतःच्या कार्यालयाची सही होती. विमा हा विमा कंपनीच देऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण त्या दिवसांत उलट्या आणि थकवा इतका होता की काम कोणीतरी परस्पर करून देत आहे याचेच हायसे वाटत होते. अशा अवस्थेतल्या गिऱ्हाइकावरच ही माणसे डोळा ठेवून असतात, असे मला आता वाटते.

माझ्या डॉक्टरांना मी सफरीविषयी विचारले होते. माझी प्रकृती पाहता त्यांची हरकत नव्हती. बोट लागली तर कोणते औषध चालेल, ते त्यांनी लिहून दिले आणि स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी किंवा त्वचेला चिकटवायची पट्टी वापरू नये, असे बजावले. पाणी भरपूर प्यावे, फार वेळ एका जागी बसून राहू नये, हेही सांगितले. मात्र जहाज कंपनीची अट काय आहे ते कंपनीलाच विचारा, असे त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. मी एजंटलाच विचारले. तो म्हणाला की परवानगीपत्र असताना डॉक्टरांच्या पत्राची गरज नाही, उलट ते दाखवले तर उगाच प्रश्न विचारले जातील. हे ऐकून माझ्या पतींना विचित्र वाटले आणि त्यांनी डॉक्टरांकडून पत्र घेऊन ठेवले. प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेले तेच पत्र खिडकीवरच्या महिलेने वाचले.

तिने परवानगीपत्रही पाहिले. ते आपल्या वरिष्ठांना दाखवले, जहाजावरच्या वैद्यकीय विभागाशी फोनवर बोलणे झाले आणि असे पत्र कंपनी कोणालाच देत नाही, आठवड्यांच्या अटीला सूट नसते आणि तिचे शुल्कही नसते, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर तिने आमच्या बुकिंगची नोंद उघडली. सफरीपूर्वी प्रत्येक प्रवाशाने भरायच्या माहितीत ‘आपण गरोदर आहात का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर होते. तो अर्ज मी पाहिलासुद्धा नव्हता. संपर्कासाठी दिलेला ईमेल आणि फोन क्रमांक आमचा नव्हता, एजंटचा होता. कंपनीने पाठवलेल्या सूचना, ज्यात गरोदर प्रवाशांसाठीचा नियम स्वच्छ लिहिलेला होता, त्या सगळ्या त्याच्याकडे गेल्या होत्या आणि त्याने त्या आमच्यापर्यंत पोहोचू दिल्या नव्हत्या.

बाहेर बाकावर बसून आम्ही त्याला फोन केला. त्याचे पहिले वाक्य होते, “तुम्ही डॉक्टरांचे पत्र दाखवलेच कशाला?” त्या एका वाक्यात सगळे आले. मी पोट झाकून, खोटे बोलून चढावे, अशीच त्याची योजना होती.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण माझा खरा संताप या गोष्टीचा आहे, आणि तो का, हे सांगितल्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही. 24 आठवड्यांची मर्यादा कंपन्यांनी लहरीने ठरवलेली नाही. साधारण याच सुमारास अकाली जन्मलेले बाळ जगण्याची शक्यता निर्माण होते, पण ती नवजात अतिदक्षता विभागाच्या, श्वासोच्छ्वासाला आधार देणाऱ्या यंत्रांच्या आणि त्या कामातल्या तज्ज्ञांच्या बळावरच. जहाजावरचा दवाखाना तातडीच्या उपचारांसाठी असतो. हृदयविकाराचा झटका, पडून झालेली दुखापत, जुलाब-उलट्यांची साथ अशा प्रसंगी रुग्णाला स्थिर करून किनाऱ्यावर पोहोचवणे हे त्याचे काम. तिथे सहसा स्त्रीरोगतज्ज्ञ नसतात, नवजात बाळांचे डॉक्टर नसतात, अकाली बाळाला ठेवण्याची सोय नसते आणि मोठ्या रक्तस्रावाला पुरेल असा रक्ताचा साठाही नसतो. जहाज दोन बंदरांच्या मधोमध असेल तर किनारा गाठायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. हेलिकॉप्टरची झेप मर्यादित असते, हवामान बिघडले तर तेही येऊ शकत नाही, आणि आले तरी गरोदर स्त्रीला डेकवरून वर उचलून घेणे ही जोखमीची गोष्ट आहे. घरी परतल्यावर माझ्या डॉक्टरांनी हे सगळे समजावले तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. 24वा आठवडा मला त्या सफरीतच लागणार होता. डॉक्टरांचे पत्र पिशवीतच राहिले असते तर शेवटचा आठवडा मी भर समुद्रात काढला असता, आणि जहाजावरच्या डॉक्टरांच्या लेखी मी गरोदरच नसते.

पुढचे व्यवहाराचे थोडक्यात सांगते. एजंटने आधी परताव्याचे आश्वासन दिले, मग कंपनीकडे बोट दाखवले आणि शेवटी फोन उचलणे बंद केले. कंपनीने आपल्या कराराकडे लक्ष वेधले: चुकीची माहिती दिल्यामुळे चढू न दिल्यास भाडे परत मिळत नाही, आणि सुटण्याच्या दिवशी रद्द झालेल्या बुकिंगवर पूर्ण रक्कम कापली जाते. कंपनीच्या दृष्टीने माझ्या नावाने भरलेली माहिती माझीच ठरते, हे मला पटवून घ्यावे लागले. मात्र आम्ही विनंती केल्यावर, परवानगीपत्र आपण दिलेले नाही असे कंपनीने लेखी कळवले. त्या कागदाचा फार उपयोग झाला. त्याच्या आधारे बँकेने कार्डाने भरलेल्या रकमेविषयी वाद दाखल करून घेतला आणि तेवढा भाग बऱ्याच महिन्यांनी परत मिळाला. ‘खास परवानगी’ आणि ‘मातृत्व संरक्षण’ यांसाठी खात्यात थेट जमा केलेले पैसे मिळालेले नाहीत. बनावट कागदाबद्दल पोलिसांत तक्रार केली आहे, तिचा तपास चालू आहे.

खऱ्या प्रवास विम्याची आशाही आम्ही नंतर तपासून पाहिली. बहुतेक पॉलिसींमध्ये सुरळीत चाललेले गरोदरपण हे सहल रद्द करण्याचे कारण धरले जात नाही. अचानक उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च ठरावीक आठवड्यांपर्यंतच मिळतो, आणि प्रवासात जन्मलेल्या बाळाचा खर्च अनेकदा त्यातून वगळलेला असतो. वाहतूक कंपनीच्या नियमामुळे चढू दिले नाही तर ते नुकसान सहसा कोणताही विमा भरून देत नाही. म्हणून पॉलिसी घेताना ‘गरोदरपण’ हा शब्द जिथे जिथे येतो तो प्रत्येक परिच्छेद वाचावा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

मी आता कोणालाही हेच सांगते की बुकिंग क्रमांक मिळाला की त्याच दिवशी तो घेऊन थेट क्रूझ कंपनीशी बोला. त्यांच्या नोंदीत तुमचाच फोन, तुमचाच ईमेल आणि तुम्हीच भरलेली वैद्यकीय माहिती आहे का, ते विचारा. प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि उतरण्याची तारीख, दोन्ही सांगून चढता येईल का, हे लेखी मागा. एजंट प्रामाणिक असेल तर त्याला याचा राग येणार नाही. आमच्या एजंटला आला होता. एकदा मी कंपनीचा क्रमांक मागितला तेव्हा तो म्हणाला होता, “थेट बोललात तर तुमचे बुकिंग रद्द होईल,” आणि मी घाबरून गप्प बसले.

तुमच्या हातात आज असे एखादे परवानगीपत्र असेल आणि सफर अजून पुढे असेल, तर एजंटला न विचारता कंपनीला त्याची प्रत पाठवा. ते खोटे निघाले तर त्याच दिवशी बुकिंग रद्द करा किंवा प्रसूतीनंतरच्या तारखेला हलवता येते का ते पाहा. काही कंपन्या बुकिंगनंतर दिवस गेल्याचे कळले तर, डॉक्टरांचे पत्र पाहून, रक्कम परत करतात किंवा पुढच्या सफरीसाठी धरतात, पण ते आधी कळवले तरच. रद्द करण्याचा भुर्दंड सुटण्याची तारीख जवळ येते तसा टप्प्याटप्प्याने वाढतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत तो पूर्ण रकमेइतका होतो. आमचे परवानगीपत्र सफरीच्या अडीच महिने आधी आले होते. त्या दिवशी एक फोन केला असता तर बहुतांश भाडे परत मिळाले असते.