साडेसहाशेचे बारा किडे

ठाण्यात घोडबंदर रोडला टेरॅरियमचं, म्हणजे काचेच्या बरणीतल्या बागेचं, एक दुकान आहे, नाव घेत नाही, काचेच्या बरण्या, मॉस, फर्न वगैरे विकतात आणि हल्ली आयसोपॉडही (ओलाव्यात राहणारे, सडकी पानं खाणारे बारीक जीव) ठेवायला लागलेत. जूनमध्ये माझ्या बरणीत पांढरी बुरशी धरली, फर्नची खालची पानं सडायला लागली, तर दुकानदार म्हणाला ताई क्लीनअप क्रू सोडा, ते सगळं साफ करतात. बारा नग साडेसहाशे रुपये. डब्यावर लेबल 'पावडर ब्लू, रेअर, इम्पोर्टेड'. घेतले.

घरी आल्यावर आईने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, हे तर आपल्या कंपोस्टच्या डब्याखाली असतात ते! मी म्हटलं नाही गं, हे इम्पोर्टेड आहेत. ती काही बोलली नाही, बाल्कनीत जाऊन कंपोस्टचा डबा उचलला, खाली वीसेक जण सैरावैरा पळाले. तीच निळसर राखाडी पावडर अंगावर, मिशांवर तेच पांढरे पट्टे, तोच वेग. बोटाने हलकंच पुसलं तर पावडर निघून खालचा तपकिरी रंग दिसला. दुकानातल्याचंही तेच. शास्त्रीय नाव पोर्सेलिओनायडिस प्रुइनोसस, मूळचा भूमध्य समुद्राकडचा मानतात पण माती, कुंड्या, शेणखत यांच्यासोबत माणसाने त्याला जगभर नेलंय. इम्पोर्टेड म्हणायचं तर तसं खरंय, फक्त आपल्या बाल्कनीत तो दुकानदाराच्या आधीच पोचलाय.

आता प्रॉडक्टबद्दल बोलते, कारण किडे स्वतः एकदम भारी आहेत, त्यांना पाच स्टार. मुळात हे कीटक नाहीतच, कोळंबी-चिंबोरीच्या खानदानातले, पायांच्या सात जोड्या. (आई लगेच म्हणाली, मग कालवण करू का.) जमिनीवर राहायला आले तरी श्वास अजून कल्ल्यासारख्या अवयवांनीच घेतात, उलटा करून पाहिलात तर पोटाखाली मागच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतील, ती त्यांची फुप्फुसं समजा. म्हणून ओल लागते. आणि इथेच दुकानाने माझी वाट लावली. सांगितलं काय तर झाकण घट्ट लावा आणि रोज स्प्रे मारा. आठ दिवसांत बरणीच्या तळाशी पाणी साचलं आणि बारातले पाच गेले. खरं म्हणजे एका कोपऱ्यात ओलं मॉस, दुसरीकडे कोरडी पानं आणि हवा जायला भोकं, एवढंच पाहिजे, ओल-कोरडं कुठे बसायचं ते त्यांचे ते ठरवतात.

दुसरा किस्सा. एक दिवस एकाचा मागचा अर्धा भाग पांढराफटक, पुढचा निळाच. मी घाबरून दुकानात फोन केला, तर म्हणे फंगस लागलंय, फेकून द्या नाहीतर सगळ्यांना लागेल. फेकायला जीव होईना म्हणून वेगळ्या वाटीत ठेवला. हे कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागची अर्धी, मग एखाद-दोन दिवसांनी पुढची! माझ्या वाटीतल्याने पण तेच केलं आणि वर स्वतःची कात खाऊनही टाकली, त्यातलं कॅल्शियम वाया कशाला घालवा. विकणाऱ्याला एवढं माहीत नसेल तर काय बोलणार.

त्याच दुकानात 'आयसोपॉड फूड' म्हणून इम्पोर्टेड ओकची पानं दोनशेला पाकीट. घेऊ नका. रस्त्याकडेला बदामाची वाळलेली पानं पडलेली असतात, ती उकळून टाका, जाळी करून ठेवतात आठवड्याभरात. कॅल्शियमला अंड्याची टरफलं, नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस. मात्र येऊरला फिरायला गेलात तर तिथून पानं किंवा किडे भरून आणू नका, ते नॅशनल पार्क आहे. आणि तिथे दगडाखाली गोटीएवढा गोल होणारा प्राणी दिसतो तो पण हा नव्हे, तो पैसा-वाणीच्या जातीतला, पाय कितीतरी जास्त. आपला पावडरवाला गोल होतच नाही, पळतो फक्त.

बुरशी गेली का? अर्धीमुर्धी. सडकी पानं यांनी फस्त केली, पण बारीक बुरशीसाठी स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव) जास्त कामाचे, हे पण दुकानात कोणी सांगितलं नाही. जिवंत झाडाला माझ्याकडे तरी तोंड लावलं नाही, कोवळ्या रोपांच्या ट्रेमध्ये मात्र मी सोडणार नाही.

दुकानाला दोन स्टार, तेही पॅकिंग नीट होतं म्हणून, ओलं मॉस घालून दिलं होतं. उरलेल्या सातांची आता मोजता येणार नाही इतकी प्रजा झालीय. मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी घेऊन फिरते आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा कणाएवढी पांढरी, पायांची एक जोडी कमी. वर्तकनगरच्या आसपास ओळखीत कुणाला हवे असतील तर श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन यायचं, झाकणाला भोकं पाडून आणा, पैसे नकोत.